तिसऱ्या रांगेतली शिट्टी

आमच्या घरात कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. शिट्टी वाजवतात. म्हणजे बाबा वाजवतात आणि बाकीचे हलतात. एक लांब शिट्टी म्हणजे पुढे. दोन आखूड म्हणजे मागे. तीन आखूड म्हणजे आहेस तिथेच थांब. दोन बोटं जिभेखाली घालून ती अशी काढायची की समोरच्या इमारतीतल्या माणसानंही हातातला कप खाली ठेवावा. आई लग्न होऊन या घरात आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात जेवायला वाढ म्हणून तिला एक लांब शिट्टी ऐकू आली. "मी काय क्रेन आहे का?" असं तिनं चिडून विचारलं. त्यावर सासरे कौतुकानं म्हणाले, "बघा, पोरीनं लगेच ओळखलं."

कारण ती शिट्टी खरंच क्रेनची होती. आजोबा फाउंड्रीत होते. तिथल्या गोंगाटात माणसाच्या आवाजाला कोण विचारतो, म्हणून उकळत्या लोखंडाची भांडी उचलणाऱ्या क्रेनवाल्याला खालून शिट्टीनं सांगायचं, आण पुढे, घे मागे, थांब. आजोबा ते काम करायचे आणि सुट्टीच्या दिवशी क्लबाकडून फुटबॉल खेळायचे, डावीकडचा बचाव सांभाळणारे लेफ्ट बॅक, तीन नंबरचा शर्ट घालून. पुढे बाबा त्याच क्लबात, त्याच जागी, त्याच नंबरात खेळायला लागले, तेव्हा आजोबांनी फाउंड्रीतली शिट्टी मैदानावर आणली. गॅलरीच्या तिसऱ्या रांगेत बसून त्यांनी बाबांना आयुष्यभर क्रेनसारखं फिरवलं. मग आजोबा गेले, बाबांचे गुडघे गेले, आणि दादा त्या शर्टात शिरला. शिरला म्हणते, कारण त्याला तो घालायचाय का म्हणून कुणी विचारलंच नव्हतं.

शिट्टी मलाही येते. खरं सांगायचं तर घरात सगळ्यात स्वच्छ शिट्टी माझी. लहानपणी मी गच्चीवर जाऊन ती घोटून घोटून बसवली होती. बाबांनी एकदा ऐकली आणि म्हणाले, "घरात एक पुरे." तेव्हापासून मी बोटं खिशात ठेवली. मी चष्म्याच्या दुकानात कामाला लागले आणि फुटबॉलचा विषय निघाला की लोकांच्या नाकावर चष्मा सरळ बसवत राहिले.

दादा व्यावसायिक खेळाडू झाला तसे बाबाही झाले, फक्त त्यांना पगार नव्हता. प्रत्येक सामन्याला बाबा तिसऱ्या रांगेत, हिरव्या रेक्झिनच्या उशीवर. तिसरीच रांग का, तर पहिलीतून मैदान सपाट दिसतं आणि पाचवीतून आवाज पोचत नाही, हे आजोबांचं संशोधन. पहिल्या अर्ध्यात दादाची बाजू मोठ्या गॅलरीच्या पुढ्यात असेल, तर दुसऱ्या अर्ध्यात ती पलीकडे जाते. म्हणून मध्यंतराला बाबा उशी काखोटीला मारून, गोलच्या जाळ्यामागून, पलीकडच्या गॅलरीत जाऊन बसायचे. फाटकावरचा म्हातारा त्यांच्यासाठी साखळी काढायचा. बाकीचे लोक मध्यंतरात चहा प्यायचे, आमच्या बाबांना कुठला चहा.

पेपरवाले दादाबद्दल लिहायचे की या खेळाडूला संकट आधी दिसतं. दिसायचं बाबांना. दादाला फक्त ऐकू यायचं. एकदा दुसऱ्या संघाच्या एका शहाण्यानं बाकावरून तशीच शिट्टी मारून पाहिली. दादानं मानही वळवली नाही. हजार शिट्ट्यांत त्याला बाबांची ओळखू यायची, आणि ती आली की त्याचे पाय आधी हलायचे, डोकं मागाहून यायचं. हे मी नाही, तोच म्हणायचा. हसत म्हणायचा, म्हणून कुणाला त्यात काही वाईट दिसलं नाही.

त्याच्या सुरुवातीच्या दिवसांत बाबांना एकदा सणकून ताप आला आणि बाहेरगावच्या सामन्याला ते गेले नाहीत. दादा मैदानावर असा उभा राहिला की प्रेक्षकांना वाटलं याला बरं नाही. मध्यंतराआधीच त्याला काढलं. घरी येऊन तो बाबांच्या पलंगापाशी बसला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही लवकर बरे व्हा." आईला ते ऐकून भरून आलं. मला धडकी भरली. त्यानंतर बाबा कधी आजारी पडले नाहीत, म्हणजे पडले तरी गॅलरीत जाऊन पडले.

वहिनी घरात आली ती पोहायला शिकवणारी. पाण्यात एकट्यानं सोडल्याशिवाय माणूस पोहत नाही, हा तिचा धंदाच. तिला हे सगळं बघून हसू यायचं, मग यायचं बंद झालं. ती दोघं आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहायची आणि जिन्यातून शिट्टी वर जायची. जेवणाच्या ताटावरून दादा उठून खाली यायचा आणि खाली काय, तर बाबांना रेडिओचं बटण सापडत नसायचं.

दादा ऐन भरात होता तेव्हा लांबच्या एका मोठ्या क्लबानं त्याला बोलावलं. पगार, घर, सगळं चांगलं. वहिनीनं तिकडे तलावाजवळच्या शाळेत नोकरीची चौकशीसुद्धा करून ठेवली. दादा आणि बाबा ते मैदान बघायला गेले. परत आले तेव्हा बाबा बूट काढता काढता म्हणाले, "मैदान झकास आहे. पण भोवतीनं शर्यतींची धावपट्टी आहे." आईनं विचारलं, "मग?" बाबा म्हणाले, "मग काय? गॅलरी किती लांब गेली. आवाज नाही पोचत. करून बघितलं."

करून बघितलं होतं. त्या रिकाम्या स्टेडियममध्ये बाबांनी तिसऱ्या रांगेतून शिट्टी मारली होती आणि दादा कोपऱ्यात कान देऊन उभा राहिला होता. मी दादाकडे पाहिलं. मला वाटलं आता तरी हा काही बोलेल. तो म्हणाला, "धावपट्टी आहे ना तिथे," आणि ते अशा गंभीरपणानं, जणू त्या गावात प्यायचं पाणीच नव्हतं. पुढे कुणीही विचारलं की तिकडे का गेला नाहीस, की तो हेच उत्तर द्यायचा. लोक मान हलवायचे आणि आपापल्या वाटेनं जायचे. वहिनी मात्र त्यानंतर बरेच दिवस जिन्यात मला भेटली की नुसतंच म्हणायची, "धावपट्टी." मला तिची दया यायची आणि दादाला गदागदा हलवावंसं वाटायचं.

मग बाबांचे डोळे जायला लागले.

ते माझ्या दुकानात रोज पेपर वाचायला यायचे आणि पेपर हळूहळू नाकाजवळ यायला लागला होता. मी म्हटलं, बसा खुर्चीत, तपासते. ते ऐटीत बसले आणि समोरच्या तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा म्हणून दाखवली. अडचण एवढीच होती की तो तक्ता मी आदल्या दिवशी बदलला होता. जुना फाटला म्हणून अक्षरांच्या जागी आकड्यांचा लावला होता आणि बाबा भिंतीवरच्या आकड्यांकडे बघून जुनी अक्षरं म्हणत होते. मी तक्त्यावरचा दिवा मालवला. त्यांना घरी सोडायला गेले आणि दादाला बाजूला घेऊन सांगितलं, "बाबांना दिसत नाहीये. मैदानाची पलीकडची बाजू तर अजिबात दिसत नसणार." दादा म्हणाला, "माहीत आहे मला." मी म्हटलं, "माहीत आहे तर मग ऐकतोस कशाला?" तो बुटांत कागद कोंबत बसला होता. 

मोसम संपत आला होता आणि घरच्या मैदानावर सामना होता. चेंडू आपल्याच माणसाकडे आहे असं बाबांना वाटलं आणि त्यांनी एक लांब शिट्टी दिली. चेंडू आपल्या माणसाकडून केव्हाच सुटला होता. दादा पुढे धावला, त्याच्या मागची जागा मोकळी झाली, समोरचा फॉरवर्ड तिथून सरळ आत शिरला आणि गोल झाला. सगळं मैदान गप्प. बाबांना गोल झाला हेही लोकांच्या गप्प बसण्यावरून कळलं. त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, "कुणाच्या बाजूनं शिरला?"

घरी आल्यावर दादा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला होता. मी शेजारी बसले.

"तो फॉरवर्ड दिसला नाही का तुला?"

"दिसला ना. समोर दिसत होता, अगं. स्वच्छ."

"मग?"

"शिट्टी वाजली ना," तो म्हणाला.

 शिव्या द्याव्यात तर तो आधीच रडकुंडीला आलेला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर बाबा दारात उभे. आत आले, पेपर मागितला नाही, सरळ खुर्चीत बसले. "आज खरं सांगतो," म्हणाले. "वरची मोठी ओळ दिसते. तिच्याखाली नुसता धूर आहे." मी त्यांच्या डोळ्यांत उजेड पाडून पाहिलं आणि आमच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. एकाचं ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं, दुसऱ्याचं नंतर करायचं ठरलं. डॉक्टरांनी बजावलं, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, जोर लावायचा नाही. बाबांनी विचारलं, "आणि शिट्टी?" डॉक्टर हसले, त्यांना वाटलं म्हातारा गंमत करतोय. मी म्हटलं, "शिट्टी तर नाहीच ना, डॉक्टर?" ते म्हणाले, "अजिबात नाही."

तिकडे क्लबाच्या नव्या प्रशिक्षकांनी दादाला खोलीत बोलावून घेतलं होतं. ते आल्यापासून त्यांच्या कानावर शिट्टी पडत होती, पण ती कुणाची आणि कशाला हे त्यांना त्या गोलच्या दिवशी कळलं. ते म्हणाले, "मोसमाचा शेवटचा सामना आहे. गॅलरीतून शिट्टी आली की त्याच क्षणी तू बाहेर, आणि पुढच्या वर्षीचा करारही विसर. तुला स्वतःला खेळता येतं का, ते मला बघायचंय."

हे सांगायला दादा दुकानात आला. काचा नसलेली तपासणीची फ्रेम त्यानं उचलली, डोळ्यांवर चढवली आणि त्या गोल भोकांतून माझ्याकडे बघत म्हणाला, "तू सांग बाबांना."

"तुझ्या तोंडाला काय झालं?"

"तू सांगितलंस तर ते रागावतील. मी सांगितलं तर त्यांना लागेल."

"आणि तुला? तुला स्वतःला काय वाटतं, येतं का खेळता?"

त्यानं फ्रेम काढून घडी घातली, परत उघडली, परत घडी घातली. "मला कसं कळणार?" तो म्हणाला. "मी कधी खेळलोच नाहीये."

त्या क्षणापर्यंत मला दादाचा राग यायचा. मग आला नाही. पस्तिशीकडे झुकलेला माणूस, गुडघ्यावर टाक्यांचे व्रण, गावातली निम्मी पोरं त्याचा शर्ट घालून फिरतात, आणि त्याला एकच गोष्ट बघायची होती की हे पाय आपले आहेत का. त्यासाठी त्याच्या हातात एक सामना होता.

बाबांना मी सांगितलं. एका डोळ्यावर पांढरी झाकणी लावून ते आरामखुर्चीत बसले होते. मला वाटलं भडकतील. ते नुसते म्हणाले, "त्या माणसाला उभ्यानं काय दिसणार? मैदान बसून बघायचं असतं." मग झाकणी चाचपत म्हणाले, "माझी शिट्टी डॉक्टरांनी बंद केली. तुझी कुठे बंद केली आहे?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तुझी माझ्यापेक्षा स्वच्छ आहे," बाबा म्हणाले. "बारीक वाजव. त्याच्यापुरती. त्या प्रशिक्षकाला काय कळतंय. उशी घेऊन जा."

इतक्या वर्षांत त्यांनी मला फुटबॉलमधलं काही म्हणजे काही करायला सांगितलं नव्हतं. आणि आता ती तिसरी रांग, ती उशी, सगळं एकदम. मला ते हवंच होतं, नाही कशाला म्हणू? मी म्हटलं, "बघते."

सामन्याच्या सकाळी जिन्यात दादा भेटला. माझ्या काखेतली हिरवी उशी पाहिली आणि त्याचा जीव भांड्यात पडला. मला चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं ते. शिट्टी वाजली तर करार जाणार, हे माहीत असूनही त्याला उशी बघून बरं वाटलं. तेव्हाच मी ठरवलं की आकाश कोसळलं तरी आज बोटं तोंडात घालायची नाहीत.

मी तिसऱ्या रांगेत हात मांड्यांखाली दाबून बसले. दादा दर थोड्या वेळानं माझ्याकडे बघायचा. चेंडू त्याच्या बाजूनं दोनदा गेला आणि तो जागचा हलला नाही. हुकूम नाही म्हणजे थांबायचं, एवढंच त्याला माहीत. प्रशिक्षक साइडलाइनवरून ओरडत होते. शेजारचा एक गृहस्थ मला म्हणाला, "आज तीन नंबरला काय झालंय?" माझी बोटं शिवशिवत होती. समोर सगळं दिसत होतं मला, कुठे जागा आहे, कुठून माणूस येतोय, आणि एका शिट्टीत मी त्याला वाचवू शकत होते. त्यानं परत माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घातली आणि स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले.

मान वर केली तर दादा जागेवर नव्हता. तो समोरच्या फॉरवर्डच्या पायातून चेंडू काढून घेऊन निघाला होता. पुढे, आणखी पुढे, मधली रेघ ओलांडून. आमच्या घराण्यातला लेफ्ट बॅक मधली रेघ ओलांडत नाही. आजोबांनी ओलांडली नव्हती, बाबांनी नाही. दादा ओलांडून गेला, चेंडू आत टाकला, तो वाया गेला, आणि हा तसाच वळून धापा टाकत आपल्या जागी पळत आला, कुणी न सांगता.

मध्यंतराला मी उशी घेऊन पलीकडे गेले. फाटकावरच्या म्हाताऱ्यानं साखळी काढत विचारलं, "आज तुम्ही?" मी म्हटलं, "आज मी." दुसऱ्या अर्ध्यात दादानं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. तो चुकला, पडला, उठला, एकदा तर चेंडू सरळ बाहेर मारून बसला आणि स्वतःशीच हसला. दादाला मैदानावर हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आम्ही एका गोलनं जिंकलो. गोल दुसऱ्याच कुणाचा होता. प्रशिक्षकांनी त्याच्या मानेवर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाले. पुढच्या वर्षीचं पक्कं झालं हे मला इतक्या लांबूनही कळलं.

बाहेर तो माझी वाट बघत उभा होता. ओले केस, खांद्यावर पिशवी.

"तू वाजवली नाहीस."

"नाही."

"आधी वाटलं, आता वाजेल, आता वाजेल. मग विसरलोच बघ."

"हे घरी सांग," मी म्हटलं. "बाबांना. मी नाही सांगणार. ते तुझं आहे, तूच सांग."

"सांगतो," तो म्हणाला. घरापर्यंत तो एकटाच बोलत होता, कुठे कसा वळलो, कुठे काय सुचलं. लहान मुलासारखा हात हलवून दाखवत होता. वहिनी दारातच उभी होती. तिनं त्याचं तोंड पाहिलं आणि काही न विचारता तीही हसली.

बाबा आरामखुर्चीत होते, शेजारी रेडिओ बंद करून ठेवलेला. त्यांनी मान आमच्या आवाजाकडे वळवली.

"रेडिओवाला म्हणत होता, चांगला खेळला," ते म्हणाले. "मधल्या रेघेच्या पलीकडे गेला म्हणे." मग माझ्या बाजूला वळून विचारलं, "तू एक लांब दिलीस?"

मी दादाकडे पाहिलं. दादा बाबांकडे बघत होता. बाबांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली होती. असे घाबरलेले बाबा मी पाहिले नव्हते. त्यांना उत्तर हवं होतं आणि नकोही होतं. दादानं पिशवी खाली ठेवली. बुटाची नाडी सोडायला वाकला. फार वेळ लावला त्यानं त्या नाडीला.

"हो, बाबा," तो खालीच बघत म्हणाला. "हिनंच दिली. सगळ्या बरोबर दिल्या. अगदी तुमच्यासारख्या."

बाबांचे हात सैल झाले. "मला वाटलंच," ते म्हणाले. दारातली वहिनी वळली आणि जिना चढून वर गेली. दादा बूट उचलून स्वयंपाकघरात गेला. आईनं त्याच्यासाठी अंडी उकडून ठेवली होती.

मी तिथेच उभी. तोंड उघडलं असतं तर सगळं सांगून टाकलं असतं, पण तो त्याचा सामना होता आणि त्यानंच तो देऊन टाकला होता. मी कोण परत मागणारी?

"माझे डोळे बरे होईपर्यंत तूच जात जा," बाबा खुशीत म्हणाले. "पुढचा मोसम तूच बस. आता मला दाखव बघू, कशी वाजवलीस ती. एक लांब."

"आत्ता नको, बाबा."

"अगं, वाजव. मला ऐकू दे तरी."

मी इतकी चिडले होते की बोटं आपोआप तोंडात गेली. एक लांब शिट्टी वाजली, स्वच्छ, माझी. भांड्यांच्या रॅकवर काहीतरी किणकिणलं. आणि आतून दादा धावत आला, एका हातात ताटली, तोंडात अर्धं अंडं, आणि खोलीच्या मधोमध येऊन उभा राहिला. माझ्याकडे बघत राहिला.

बाबांना नुसता धूर दिसत होता. पावलांच्या आवाजाकडे त्यांनी कान केला.

"आला ना?" त्यांनी मला विचारलं.

"आला," मी म्हटलं.